पिठलं, मी आणि शनिवारचा नवरा

शनिवारपासून मला दोन नवरे आहेत. पहिले आमचे हे, घरी सोफ्यावर. दुसऱ्याचं नाव अजून कळलेलं नाही. तो पँटीला गॅलिस लावतो आणि माझं बोलणं पुरं होऊ देत नाही, एवढं मात्र पाहिलं. म्हणजे तसा अस्सलच.

झालं असं. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. मला भटकायचं वेड, ह्यांना हॉटेलच्या उशीचं. "संडास मागे बांधून मी प्रवास करणार नाही," असं ह्यांनी एकदाचं जाहीर केल्यावर मी ठरवलं, गाडीमागे ओढायचा, आत झोपता येईल असा छोटासा ट्रेलर घ्यायचा आणि मी आणि पिठलं निघायचं. पिठलं म्हणजे आमचा पिवळा लॅब्रॅडॉर, वजन 70 पौंड. अमेरिकन जिभेला ठ झेपत नाही, त्यामुळे सगळे त्याला 'पिटला' म्हणतात आणि मला उगाच वाटतं, कुणाला?

चार महिने अभ्यास केला. वही केली, लाल पुठ्ठ्याची. माझी गाडी, सुबारू आउटबॅक, 2,700 पौंड ओढते. त्यातून ट्रेलरचं वजन गेलं, भांडीकुंडी गेली, पाणी गेलं. एक गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांच्या वर भरतं, म्हणजे 12 गॅलनची टाकी भरली की 100 पौंड नुसतं पाणीच. पिठलं झोपलेला असताना टेप लावून मोजला: नाक ते शेपूट पाच फूट, स्वप्न पडत असेल तर साडेपाच. टियरड्रॉप नावाचे गोंडस ट्रेलर असतात, त्यांच्यावर तिथेच काट मारली. त्यांत उभं राहता येत नाही. पहाटे पाऊस पडतोय, कुत्र्याला बाहेर जायचंय आणि मी आडवी पडून, त्याच्या पोटाखाली हात घालून रेनकोट चढवतेय, हे चित्र मला दिसलं.

तर शनिवारी एका विक्रेत्याच्या आवारात मला हवं ते अंडं दिसलं. फायबरग्लासच्या ट्रेलरला इथे लाडाने अंडं म्हणतात. एका कटोऱ्यावर दुसरा उपडा घालून कमरेशी जोडावा, तसं बांधकाम. छपराला सांधा नाही, त्यामुळे गळायची धास्ती कमी. हे स्कॅम्प कंपनीचं 13 फुटी अंडं होतं, मिनेसोटातल्या बॅकस गावात घडलेलं, जुनं पण नीट राखलेलं. मी खाली वाकून ट्रेलरची जमीन दाबून बघत होते, कुजून कुठे मऊ लागतेय का. शेजारी हिरव्या टोपीचा, गॅलिसवाला एक गृहस्थ येऊन उभा राहिला. पिठलंने त्याचा हात चाटला. बस्स, एवढ्यावर आमचं लग्न लागलं.

विक्रेता म्हणजे पंचविशीतला दाढीवाला पोरगा. आला आणि हात पुढे केला. त्या गृहस्थापुढे.

"कशाने ओढणार, सर?"

"एफ-150." खोटं नव्हतं, त्याची तीच गाडी, दांडगा पिकअप ट्रक.

"मग प्रश्नच मिटला!"

"आउटबॅक," मी खालून म्हणाले.

पोराने माझ्याकडे बघून असं स्मित केलं, जसं पाहुण्यांत मधेच बोलणाऱ्या धाकट्या मुलीकडे बघून करतात. मग पुन्हा त्यालाच, "हुकावर किती भार येतो ते बघावं लागेल हं, सर."

"एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के," मी म्हणाले. "कमी पडला तर ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो."

गॅलिसवाल्याने कौतुकाने मान डोलावली. "शी लाइक्स टु रीड," तो म्हणाला.

इथे त्याला सांगता आलं असतं, की ह्या बाईंना मी ओळखत नाही. एक वाक्य. त्याने ते सांगितलं नाही. उलट बूट काढून आत शिरला आणि गादीवर आडवा झाला. पिठलंने उडी मारून त्याच्या पोटावर डोकं टेकलं. माझ्या पोटावर कधी टेकलं नाही हो. "फॅमिली फोटो काढू?" पोरगा म्हणाला.

पुढची पंधरा मिनिटं माझ्या पैशांनी घ्यायच्या वस्तूची घासाघीस दुसऱ्याच माणसाने केली. वाईट म्हणजे चांगली केली. आमचे हे आजवर 10 डॉलरसुद्धा सोडवू शकलेले नाहीत. मधेच पोरगा म्हणाला, "वेट बाथवाला बघायचाय का? पण मॅमना आवडणार नाही." वेट बाथ म्हणजे संडासावर उभं राहून तिथेच आंघोळ. अमेरिकन माणूस हे ऐकून शहारतो. अरे, मी पाच बाय तीनच्या मोरीत, पाण्याच्या पिंपाला कोपर न लावता, परकर न भिजवता वाढलेली बाई! पण मला कुणी विचारलंच नाही.

आणि हे इथलंच आहे असं नाही. पेट्रोल पंपावर हवा भरताना, बँकेत, सगळीकडे. "एकट्याच?" "मिस्टरांना चालतं?" कुत्रा मोजतच नाहीत. त्याचे तर वेगळेच हाल. येलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये त्याला पायवाटेवर बंदी, सहा फुटी पट्टा, रस्त्यापासून 100 फुटांच्या आतच फिरायचं. बायसनने मात्र भर रस्त्यात ठाण मांडावं आणि पन्नास गाड्यांनी कौतुकाने खोळंबावं.

शेवटी मी ठणकावलं, "हा माझा नवरा नाही."

पोरगा लाजला. "सॉरी. पार्टनर. अंडरस्टूड."

मी हात टेकले. मंगळवारपर्यंत अंडं थांबवून ठेवा म्हणाले, पिठलंला गादीवरून ओढून काढलं आणि तरातरा निघाले.

काल, सोमवारी दुपारी, फोन आला. पोरगा आनंदात होता. "अभिनंदन, मॅम! तुमच्या पार्टनरनी सकाळी येऊन सगळे पैसे भरले. ट्रेलर घेऊनसुद्धा गेले. आणि तुमची लाल वही इथे राहिली होती ना, ती पण दिली त्यांच्याकडे."

"कुणाचा गं फोन?" ह्यांनी सोफ्यावरून विचारलं.

नवव्या पानावर पिठलंची मापं आहेत, स्वप्नासकट. त्याला काय करायचीत ती?