जिम थॉर्पची पदकं: थोडा खुलासा
अमेरिकी ॲथलीट जिम थॉर्पने अमेरिकन फुटबॉल खेळून पैसे घेतले म्हणून त्याची ऑलिंपिक पदकं गेली आणि १९८३ मध्ये पूर्ण न्याय मिळाला, असा मजकूर फिरतोय. दोन्ही चूक.

ऑलिंपिकमध्ये तेव्हा फक्त हौशी, म्हणजे खेळण्याचे पैसे न घेणाऱ्या खेळाडूंनाच परवानगी होती. पदकं जाण्याचं कारण होतं बेसबॉल. १९०९-१०च्या उन्हाळ्यात तो नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ पैशांवर खेळला होता. खेळाडूच्या पात्रतेवर आक्षेप घ्यायची मुदत स्पर्धेनंतर ३० दिवसांची. स्टॉकहोमची स्पर्धा १९१२ची आणि बोभाटा झाला थेट जानेवारी १९१३ मध्ये! तरीही पेंटॅथलॉन (पाच मैदानी प्रकार) आणि डेकॅथलॉनची (दहा प्रकार) दोन्ही सुवर्णपदकं काढून घेतली. पैसे घेऊन फुटबॉल आणि इंडियाना विद्यापीठातलं प्रशिक्षकपद (१९१५) हे सगळं त्यानंतरचं.

१९८३ मध्ये थॉर्पच्या मुलांच्या हाती पदकांच्या प्रतिकृती पडल्या, पण नोंदीत तो ‘संयुक्त विजेता’च राहिला. एकमेव विजेता म्हणून नाव लागलं जुलै २०२२ मध्ये.