कॅलिब्रेशनने काय सुटते आणि काय सुटत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ड्रमवर आधारित ताल-गेम कसे निवडावेत, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आघात आणि आवाज यांमधल्या विलंबाला मी नको इतके महत्त्व दिले, असा आपला आक्षेप आहे. काही मिलिसेकंदांचा फरक सामान्य खेळाडूला जाणवत नाही, जाणवलाच तर सेटिंगमधले कॅलिब्रेशन तो भरून काढते, आणि म्हणून गाण्यांची यादीच आधी पाहावी, असे आपण म्हणता. नावडत्या गाण्यांवर कोणी फार दिवस खेळत नाही, हे मलाही मान्य आहे. कॅलिब्रेशनचा मुद्दा मात्र मला पटत नाही.

कॅलिब्रेशनमध्ये गेम आपल्या आघाताची वेळ तपासताना पडद्याचा आणि ध्वनीचा ठरावीक उशीर हिशेबात घेतो, त्यामुळे गुण न्याय्य मिळतात. परंतु आघातातून जो आवाज निघायचा असतो तो त्यामुळे लवकर येत नाही, कारण खेळाडू नेमका केव्हा वाजवणार हे गेमला आधी ठाऊक नसते. म्हणून मी प्रत्येक गेमबाबत पहिल्यांदा हे पाहतो, की ड्रमचा आवाज कशातून निघतो. कोनामीच्या १९९९ सालच्या ‘ड्रममेनिया’त पॅडवर काठी पडली की त्या वाद्याचा ध्वनी वाजतो. नामकोच्या ‘ताइको नो तात्सुजिन’मध्ये (२००१) संपूर्ण गाणे मागे चालू असते आणि आपल्या आघातांचे ‘दोन्’ व ‘का’ हे आवाज त्यावर उमटतात. ‘रॉक बँड’ने (२००७) वेगळी वाट धरली: तेथे ड्रमचा ध्वनिमुद्रित ट्रॅक तालात आधीपासून चालूच असतो, आघात चुकला की तो दबतो आणि अचूक आघातावर पुन्हा ऐकू येतो. ही योजना विलंब चांगला झाकते. तरीही त्याच गेममध्ये मोकळ्या ड्रम फिलच्या, म्हणजे खेळाडूने मनाप्रमाणे वाजवायच्या, जागा येतात आणि तेथे आवाज खेळाडूच्या हातातूनच निघत असल्यामुळे उशीर उघडा पडतो.

आता हे ‘काही मिलिसेकंद’ किती असतात ते पाहू. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या, गतीत एका ठोक्याचे चार भाग केले, तर लगतच्या दोन आघातांत १२५ मिलिसेकंदांचे अंतर राहते. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर अनेकदा १०० मिलिसेकंदांपलीकडे जातो, म्हणजे पहिल्या आघाताचा आवाज कानी येतो तेव्हा हात दुसऱ्या आघातासाठी खाली येत असतो. कानावर भिस्त ठेवून वाजवणारा माणूस अशा वेळी नवख्यापेक्षा अधिक अडखळतो, आणि मला याचेच सर्वाधिक वाईट वाटते: ज्याला ताल कळतो त्यालाच गेम चुकीचा ठरवतो.

गेम तयार करणाऱ्यांना यावर पुष्कळ काही करता येते. आघाताचे ध्वनी आधीच मेमरीत भरून ठेवावेत, पडद्यावर बोट टेकताक्षणी ते वाजवावेत, नोट्सची (केव्हा वाजवायचे ते दाखवणाऱ्या खुणांची) जागा पडद्यावरच्या चित्रांच्या फ्रेम मोजून नव्हे तर ध्वनीच्या घड्याळावरून ठरवावी आणि बफर, म्हणजे वाजण्यापूर्वी आवाज जेथे थोडा साठवला जातो ती जागा, लहान ठेवावा. ४८,००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने धरता, १,०२४ नमुन्यांचा बफर सुमारे २१ मिलिसेकंद घेतो, तर २५६ नमुन्यांचा साधारण ५. बफर फारच लहान केला तर दुबळ्या उपकरणावर आवाज तुटू लागतो, म्हणून ही निवड प्रत्यक्ष उपकरणांवर पारखूनच करावी लागते.

खरेदीपूर्वी चाचणी आवृत्ती मिळत असेल, तर वायरचा हेडफोन लावून, टीव्हीवर गेम मोड (चित्राचा उशीर कमी करणारी सेटिंग) चालू करून, डोळे मिटून एकसारख्या गतीने वाजवून पाहावे. आवाज हाताच्या मागे रेंगाळत असेल, तर गाण्यांची यादी कितीही मोठी असली तरी तो गेम मी सुचवणार नाही.