टूसॉनची टेकडी आणि आपली वेताळ टेकडी

पुण्यात वेताळ टेकडीवरून काढायचं चाललेल्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा विषय निघाला की आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. लॉ कॉलेज रोडला रोज अडकणारे म्हणतात रस्ता झालाच पाहिजे, सकाळी वेताळ टेकडीवर जाणारे म्हणतात टेकडीला हात लावू नका, आणि मग कोणीतरी लिहितंच की अमेरिकेत बघा रस्ते कसे असतात. मी ॲरिझोनात टूसॉनला राहतो, त्यामुळे यावर मला मनापासून बोलायचंय.

टूसॉन म्हणजे सोनोरन वाळवंटातलं युनिव्हर्सिटीचं शहर. उन्हाळ्यात पारा सहज चाळिशीच्या वर, त्यामुळे लोक फिरायला बाहेर पडतात ते पहाटे नाहीतर अंधार पडल्यावर, आणि खूप जण जातात टुमामॉक टेकडीवर. तिथे 1903 साली वाळवंटातल्या झाडांचा अभ्यास करायला प्रयोगशाळा सुरू झाली, आता ती युनिव्हर्सिटीकडे आहे, आणि तिथल्या सग्वारो निवडुंगांच्या नोंदी शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहेत. वर दोन हजार वर्षांपेक्षा जुन्या वस्तीचे दगडी बांध आहेत, इथल्या मूळच्या तोहोनो ओओदम लोकांसाठी ही पूर्वजांची जागा आहे. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे पण फिरायला येणाऱ्यांच्या गाड्यांना बंदी, कुत्रंसुद्धा न्यायचं नाही. विद्यार्थी, पेन्शनर, आजीला धरून हळूहळू चढणारी मेक्सिकन कुटुंबं, सगळे एकाच चढावर घामाघूम होतात. तिकीट नाही की मेंबरशिप नाही.

रात्रीचं आकाशही या शहरानं असंच जपलंय. जवळच किट पीकची वेधशाळा आहे, तिच्यासाठी 1972 पासून बाहेरच्या दिव्यांवर नियम आहेत, लोक मंद दिव्यात राहतात आणि तारे बघतात. ऑक्टोबरमध्ये 'टूसॉन मीट युवरसेल्फ' नावाचा उत्सव भरतो, 1974 पासून, तिथे वेगवेगळ्या समाजांचं खाणं, गाणं, नाच सगळं रस्त्यावरच असतं.

आता ग्रुपवर ज्यांचं कौतुक होतं त्या रस्त्यांबद्दल. रुंद आहेत, सरळ आहेत, आणि त्यांच्यामुळे शहर इतकं पसरलंय की दूध आणायलाही गाडी काढावी लागते. टुमामॉक चढायला येणारे बहुतेक जण गाडीनेच येतात. युनिव्हर्सिटी ते डाउनटाउन ट्राम आली तीही 2014 मध्ये. माझी आई इथे राहायला आली तेव्हा एकटी कुठेच जाऊ शकली नाही, आणि हीच आई पुण्यात सकाळी टेकडी, येताना भाजी, संध्याकाळी बालगंधर्वला नाटक असं सगळं कोणाच्या मदतीशिवाय करते!! तिचं हे स्वातंत्र्य मला इथल्या कुठल्याही हायवेपेक्षा मोठं वाटतं.

लॉ कॉलेज रोडवर अडकणाऱ्यांचा त्रास खरा आहे, माझा भाऊ त्यातलाच एक. पण टेकडीवरून रस्ता काढला तर काही वर्षांत तोही भरेल, रस्ते वाढवत गेलं की गाड्याही वाढतात हे मी इथे रोज बघतो. आणि एकदा फोडलेली टेकडी परत येत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की आधी पीएमपीच्या बस वाढवा, त्यांना मोकळी लेन द्या, फुटपाथ सलग करा, आणि वेताळ टेकडीवरची झाडं, पक्षी, खाणीतलं पाणी यांच्या नोंदी ठेवायचं काम पुण्यातल्या कॉलेजांना कायमचं द्या. पुण्यात शिकायला आलेली पोरं त्या टेकडीवर जातातच, त्यांना तिथे काहीतरी शिकायलाही मिळू दे.