‘आर्काइव्हल प्रिंट म्हणजे महागडी झेरॉक्स’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या चित्रकारांच्या आणि इंटिरिअरवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: आर्काइव्हल प्रिंट (चित्राची, खूप वर्षं टिकावी म्हणून खास शाईने खास कागदावर काढलेली प्रत) ही महागडी कलर झेरॉक्स आहे; ‘शंभर वर्षं टिकते’ ही थाप आहे; नागपूरच्या हवेत कागद टिकतच नाही, म्हणून सरळ लॅमिनेशन करा; आणि अमूर्त कोलाजची, म्हणजे कागद-कापडाचे तुकडे चिकटवून केलेल्या चित्राची, प्रिंट घेणं तर शुद्ध वेडेपणा, कारण कात्रणांच्या फोटोत कसली कला? वर शेवटी, ‘नक्कल ती चोरीच’. मी याच शहरात प्रिंट आणि फ्रेमिंगचं काम करतो, म्हणजे यात माझा स्वार्थ आहे. पण पुढे लिहिलेलं कोणालाही ताडून पाहता येईल.

आधी झेरॉक्स. तिचा टोनर लगेच उडतो असं मी म्हणणार नाही, तो बऱ्यापैकी तग धरतो. पण झेरॉक्स चार रंगांत निघते आणि हाताशी असेल त्या कागदावर निघते. स्वस्त कागदात लिग्निन (लाकडातला एक घटक) किंवा आम्ल राहिलेलं असतं, त्यानेच तो पिवळा पडतो आणि मोडायला लागतो. आर्काइव्हल प्रिंटचा चांगला कागद कापसाच्या तंतूंचा, आम्लमुक्त असतो. शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाचे बारीक घन कण असलेली. घरच्या साध्या इंकजेटमध्ये बहुधा डाय, म्हणजे विरघळलेला रंग, असतो. उजेड आणि ओझोन त्याला लवकर खातात. शिवाय या प्रिंटरमध्ये आठ ते बारा शाया असतात, त्यांत राखाडीच्याच दोन-तीन. जुन्या कागदाचा मळकट पांढरा आणि फिकट बदामी यांतला फरक त्या राखाडीमुळे उतरतो, आणि कोलाजमध्ये कितीदा सगळा खेळ तेवढ्या फरकाचाच असतो.

‘शंभर वर्षं’ या मुद्द्यावर मेसेज अर्धा बरोबर आहे. १९९०च्या दशकात आयरिस नावाच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या सुरुवातीच्या कलाप्रिंट डाय शाईच्या होत्या आणि त्या खरोखरच काही वर्षांत फिकुटल्या. बदनामी तिथून सुरू झाली. पिगमेंट शाई नंतर आली. आज जे आकडे सांगतात ते प्रखर उजेडात थोडे दिवस ठेवून काढलेले अंदाज असतात. या क्षेत्रातली नावाजलेली विल्हेल्म इमेजिंग रिसर्च ही संस्था हिशेबासाठी ४५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) उजेड, रोज १२ तास, असं गृहीत धरते. उघड्यावरचं दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास जातं. तेव्हा पश्चिमेच्या बाल्कनीत टांगलेल्या प्रिंटला शंभर वर्षांची गॅरंटी लिहून देणारा दुकानदार चुकतो. पण अंदाज वेगळा आणि थाप वेगळी.

आता नागपूरची हवा. मेमध्ये पारा ४५च्या वर जातो, हवा कोरडी ठक्क. तेवढ्यात कूलर सुरू होतो आणि तासाभरात खोली दमट. कागद पाणी ओढतो, सोडतो, पुन्हा ओढतो. त्याला लहरी येतात त्या यामुळे. पावसाळ्यात काच थेट प्रिंटवर टेकलेली असेल तर शाईचा थर काचेला चिकटतो, आणि सोडवताना रंग निघून येतो. पण यातलं बहुतेक नुकसान फ्रेमिंगचं आहे, प्रिंटचं नाही. काच आणि प्रिंट यांच्यात माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी हवी. मागे हार्डबोर्ड थेट लावू नये, आम्लमुक्त बोर्ड मध्ये घालावा. सेलोटेप आणि फेविकॉल दूर ठेवावेत. गव्हाच्या खळीने जपानी कागदाच्या दोन पट्ट्या वरून लावल्या की प्रिंट मोकळी लटकते आणि फुगायला-आकसायला जागा राहते. कूलरच्या झोतासमोरची भिंत टाळावी. लॅमिनेशन मात्र नकोच. गरम करून चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही, आणि कडेने शिरलेली ओल आतच राहते.

कोलाजबद्दलचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. अमेरिकी चित्रकार अ‍ॅन रायन यांनी १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये जर्मन कोलाजकार कुर्ट श्विटर्सचं प्रदर्शन पाहिलं आणि पन्नाशीच्या शेवटी कोलाज करायला घेतलं. १९५४ मध्ये त्या गेल्या. मधल्या सहा वर्षांत जवळपास चारशे कोलाज झाले, बहुतेक लहान, विटलेल्या कापडाचे आणि कागदाचे. सुटलेला एकेक धागा तिथे रेषेचं काम करतो. अमेरिकी चित्रकार ली क्रॅसनर यांनी १९५०च्या दशकात स्वतःचीच जुनी चित्रं फाडून, कापून नवी रचली. याला कात्रणं म्हणून झटकून टाकता येत नाही.

अशी मूळ कामं संग्रहालयंही साधारण ५० लक्सच्या मंद उजेडात काही महिने दाखवतात आणि पुन्हा अंधारात ठेवतात. नागपूरच्या धंतोलीत राहणाऱ्या मुलीला ती पाहायची तर प्रिंटवाचून मार्ग काय?

सपाटपणाची तक्रार मात्र खरी आहे. फ्रेंच चित्रकार मातिसचं ‘जाझ’ हे कापलेल्या कागदांच्या चित्रांचं पुस्तक १९४७ साली निघालं, त्याच्याच गुआश (अपारदर्शक जलरंग) रंगांनी स्टेन्सिलवर छापलेलं. तरी कापलेल्या कागदाची जाण छपाईत हरवली असं त्याला वाटलं. म्हणून कोलाज टिपताना उजेड एका बाजूने, तिरका द्यावा लागतो. मग चिकटवलेल्या कागदाच्या कडेला बारीक सावली पडते आणि थर दिसतात. सोनेरी वर्ख तरीही उतरत नाही, ते मान्य. दुसरीकडे, प्रत हीच कलाकृती ठरू शकते: अमेरिकी कलाकार रोमेर बेअर्डन यांनी १९६४ मध्ये स्वतःच्या छोट्या कोलाजांचे मोठे फोटोस्टॅट (फोटोने काढलेल्या प्रती) करून तेच प्रदर्शनात मांडले होते.

राहिली चोरी. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चित्राचा हक्क (कॉपीराइट) राहतो. नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे २००१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवर २०६१ अखेरपर्यंत हक्क आहे. परवानगीशिवाय त्यांची प्रिंट विकणं चोरीच. परवानगी घेऊन छापलेली प्रिंट चोरी नव्हे. विकणाऱ्याकडे परवानगीचा कागद मागा, नसेल तर प्रिंट घेऊ नका.