आयत्या मताबद्दल कृतज्ञ कसं राहावं?

परवा मतदारयादी तपासायला एक गृहस्थ आले. दार मी उघडलं, माझं ओळखपत्र माझ्याच हातात. तरी माझ्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाले, "घरात कोणी नाही का?" घरच्या ग्रुपवर हे सांगितलं, तर मावसभावाचं उत्तर: "ताई, विलायतेत बायका तुरुंगात गेल्या. तुम्हाला मत आयतं मिळालंय, कुरकुर कशाला?" खाली अकरा अंगठे.

तेव्हा भगिनींनो, कृतज्ञ राहायला शिका.

आधी आभार माना. कोणाचे, ते विचारू नका.

इतिहास तर मुळीच वाचू नका. वाचलात तर डिसेंबर १९१७ मध्ये मद्रासला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यूसाहेब यांच्यापुढे मताचा हक्क मागायला गेलेल्या सरोजिनी नायडू आणि त्यांच्या सोबतिणी भेटतील. मग मत कोणाला द्यायचं ते ठरवणारी साउथबरो समिती भेटेल: इथला समाज जुन्या वळणाचा, बायका पडद्यात, एवढ्यात नको! मग १९१९ मध्ये मुंबईहून लंडन गाठून तिथल्या समितीपुढे साक्ष देणाऱ्या हिराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन. एवढं करून पार्लमेंटनं काय केलं? निर्णय प्रांतांवर ढकलला. मद्रास-मुंबईनं १९२१ मध्ये मत दिलं, पण मिळकतीची अट घालून. मिळकत कोणाच्या नावावर असायची, ते सात-बारा बघितलेल्या बाईला सांगायला नको. महिला संघटना म्हणत होत्या, सरसकट सगळ्या प्रौढांना मत द्या, नवऱ्याच्या मिळकतीवरचं मत आम्हाला नको. १९३५ च्या कायद्यानं नेमकं तेच पदरात घातलं. काय ते आयतं!

दारातल्या माणसाला स्वतःचं नाव सांगू नका. 'अमक्याची बायको' पुरे. पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना लाखो बायकांची नोंद अशीच झाली होती. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, नाव सांगा, नाहीतर यादीत जागा नाही. सुमारे २८ लाख बायका बाहेर राहिल्या.

सासरचं-माहेरचं नाव जुळत नसेल तर रांगेत उभ्या राहा. पुन्हा.

जाऊ दे, नाही जमत मला हे गोड बोलणं. दादा, आयत्या पिठावर रेघोट्या तू ओढतोयस. अठरा पूर्ण झाल्यावर तुझं नाव काकांनी, म्हणजे तुझ्याच बाबांनी, फॉर्म भरून घातलं होतं; तुला सहीपुरतं झोपेतून उठवलं होतं, मी तिथेच होते. माझं नाव लग्नानंतर दोनदा गळलं, दोनदा मी घालून घेतलं. त्या गृहस्थांनाही तिसऱ्यांदा स्पेलिंग सांगितलं. तुला एक ओळ वाचवत नाही, आणि मला इतिहास शिकवतोस? तो मेसेज आधी डिलीट कर.