मेकॅनिक लोकांनो, मोटरसायकलचं ऑइल आधी कुठून गळतंय ते तरी बघा की!

हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या जोडातलं, पॅकिंग बदललं म्हणून दिवसभर गाडी गॅरेजला ठेवून घेतली, मजुरी मोजून घेतली, आणि सकाळी बघतोय तर इंजिनखाली परत काळा डाग. तोच, त्याच जागी. फोन लावला तर मेकॅनिक साहेब म्हणतात, "मालक, राहिलेलं ऑइल असतंय ते, निथळतंय, दोन दिवसात बंद होईल." अरे राहिलेलं म्हणजे? इंजिन पुसलंच नाहीस का तू? पुसलं नाहीस तर गळती कुठून हाय हे तुला कळलं कसं आणि हेड उघडलंस कशाच्या जोरावर?

डोकं फिरतंय ते इथंच. कुणीच बघत नाही. खाली वाकायचं, बोट लावायचं, बोट काळं झालं की "क्लच कव्हर (इंजिनच्या बाजूचं झाकण) गेलंय" नाहीतर "हेड गेलंय". तेल खाली उतरतंय आणि गाडी पळताना वाऱ्यानं मागं जातंय, हे शेंबड्या पोराला कळतंय. जिथं थेंब लोंबायलाय तिथून ते गळत नसतंय, त्याच्या वर आणि पुढं कुठंतरी असतंय. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची, बाकी काही नाही. त्यात आपल्याकडचा फुफाटा, ओल्या इंजिनवर बसून असला काळा चिखल होतोय की जोड कुठला आणि फिन (इंजिन गार ठेवणारी बाहेरची पट्टी) कुठली दिसत नाही. तो काढल्याशिवाय ब्रह्मदेवाला पण कळणार नाही.

आणि धुवायचं म्हटलं की "वॉशिंग करून आणा मग बघू". पाणी चार-पाच दिवसाआड येतंय राव! उजनी धरण भरून वाहिलं तरी आमचा सोलापूरचा नळ कोरडाच, घरात हांडे-बादल्या मोजून वापरायच्या आणि तुमच्यासाठी गाडी धुवून आणायची? डिझेल आणि ब्रश तुमच्याकडं नसतंय का?

शेवटी दुपारी मीच बसलो. इंजिन गार होऊ दिलं, जुना टूथब्रश आणि थोडं डिझेल घेऊन फिन्सच्या फटीफटीतनं घाण काढली, कोरडं पुसलं, वरून अंगाला लावायची पावडर मारली आणि होटगी रोडला एक चक्कर टाकून आलो. बस. पांढऱ्या पावडरीत तपकिरी रेघ एकदम स्पष्ट, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या, उजव्या कोपऱ्यातनं सुरू, तिथून फिन्समधनं खाली, हेडच्या जोडावरनं वळसा घालून क्लच कव्हरच्या कडेला आणि तिथून जमिनीवर. हेडचा जोड रेघेच्या दोन्ही बाजूला खडखडीत कोरडा! क्लच कव्हरचं पण तसंच! कव्हरखालनं डोकावणारी रबराची कड नखानं दाबून बघितली, कडक भाकरीसारखी झालीय, दबतच नाही. वर्षानुवर्षं इंजिनच्या उष्णतेनं रबर ताठ होतंय, चपटं होतंय, मग सील धरत नाही. शे-दीडशे रुपयांचं रबर.

आता खरं ऐका. हेडचं पॅकिंग बदलायला टॅपेट कव्हर काढावंच लागतंय. म्हणजे हे रबर त्याच्या हातात होतं! हातात घेतलं, बाजूला ठेवलं, दिवसभर काम केलं आणि तेच मेलेलं रबर परत बसवून वरनं कव्हर आवळलं. नवीन टाकायचं सुचलं नाही, मला विचारायचं पण सुचलं नाही. हेड उघडायची गरजच नव्हती आणि उघडल्यावर जे बदलायचं तेच सोडलं. या गोष्टीचा मला जितका राग आलाय तितका पैशाचा नाही आला.

मोबाईलवर रेघेचा फोटो काढून घेऊन गेलो. बघितला पण नाही नीट. "तुम्हाला एवढं कळतंय तर तुम्हीच करा की मालक." चार पोरं बसलेली, सगळी हसली.

याच्या आधी दुसऱ्या एका मेकॅनिकनं क्लच कव्हर उघडलं होतं, त्याची तऱ्हा वेगळीच. नवीन पॅकिंग टाकलं नाही, लाल सिलिकॉनची ट्यूब पिळली. कव्हरच्या कडेनं बाहेर आलेलं सिलिकॉन नखानं ओढलं तर अख्खी दोरी निघाली हातात. बाहेर एवढं आलंय म्हणजे आत पण तेवढंच गेलंय, आणि आतलं तुटून तेलाबरोबर फिरतंय, तेल गाळायच्या जाळीत जाऊन अडकतंय, जाळी तुंबली की इंजिनला तेल कमी, मग गेलं इंजिन. कागदी पॅकिंग किती महाग असतंय? जुनं खरवडून जागा साफ करायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

आणि ती आवळायची मस्ती! क्लच कव्हरचे सहा एमएमचे बोल्ट, त्यांना साधारण दहा-बारा न्यूटन मीटर (आवळायच्या जोराचं माप) पुरतंय, टप्प्याटप्प्यानं समोरासमोरचे घ्यायचे असतात. इथं पान्याला पाईप लावून पिळतात. ड्रेन बोल्टचं, म्हणजे खालून तेल काढायच्या बोल्टचं, पण तेच. बोल्ट लोखंडी, चेंबर अॅल्युमिनियमचं, आटे कुणाचे जाणार? एकानं असेच आटे घालवले आणि मलाच सांगतोय "आधीपासूनच गेलते". तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवा टाकायचा असतोय, तो टाकत नाहीत, जुना चपटा वॉशर थेंब थेंब सोडतोय म्हणून अजून पिळायचं, अजून पिळायचं, आटे जाईपर्यंत.

ऑइल बदलताना तर बघूच नये. गाडीला नऊशे मिली लागतंय, बाटली लिटरची, ओतली अख्खी. "जास्त असलं तर चांगलंच की." काय चांगलं? जास्तीचं तेल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातलं प्रेशर बाहेर सोडायच्या, नळीतनं एअर फिल्टरमध्ये जातंय. आणि ती ब्रीदरची नळी तुंबलेली असली तर आतलं प्रेशर कुठल्यातरी सीलमधनं तेल बाहेर ढकलतंय, सील कितीही नवीन टाका. किती मेकॅनिकांनी ती नळी आजवर काढून फुंकून बघितली? माझ्यासमोर तरी एकानं नाही.

वर सल्ले देणारे वेगळेच. सात रस्ता चौकात सिग्नलला थांबलो तर शेजारचा काका खाली बघून सांगतोय, "जाड ऑइल टाका, थांबतंय." जाड ऑइलनं मेलेलं रबर जिवंत होत नाही काका. कंपनीनं जो ग्रेड सांगितलाय तोच टाकायचा. आणि "जुन्या गाडीला थोडं गळतंयच" हे तर मला ऐकूनच घ्यायचं नाही. का गळतंय? मागच्या टायरवर चार थेंब पडले आणि वळणावर गाडी सरकली तर? एप्रिल-मेच्या बेचाळीस डिग्रीत तेल आणखी पातळ होतंय, लेव्हल कधी खाली गेली कळत नाही आणि इंजिन जाम झालं की बोअर-पिस्टनचं बिल कोण भरणार, काका?

रबर पॅकिंग मी स्वतः आणलंय, उद्या स्वतःच बसवणार. मग गॅरेजला जाऊन हेडची मजुरी परत मागणार, आणि देत नसला तर काढलेलं जुनं हेड पॅकिंग समोर ठेव म्हणणार. नुसतं वरचं कव्हर काढून परत लावलंय की खरंच हेड उघडलंय, ते मला बघायचंय आता.