टिपचा आकडा शून्यावरून सुरू झाला पाहिजे

मार्चअखेर जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर देणगीच्या लिंका फिरायला लागतात. अमळनेर, चोपडा, साक्री, शहादा, सगळीकडच्या छोट्या संस्था आता ऑनलाइन देणगी घेतात, आणि घ्यायलाच पाहिजे. दोन हजारांवरची रोख देणगी आयकर सवलतीच्या ८०जी कलमात धरत नाहीत, आणि पुण्या-मुंबईला गेलेली आपली पोरं तिथूनच पैसे पाठवणार. माझं म्हणणं आहे ते त्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या 'प्लॅटफॉर्म फी शून्य' या ओळीबद्दल, आणि तिच्या खाली प्लॅटफॉर्म, म्हणजे देणगी गोळा करून देणारी कंपनी, स्वतःसाठी आधीच भरून ठेवते त्या टिपबद्दल. पोस्ट मोठी झालीय, पण देणाऱ्यांनीही वाचावी आणि घेणाऱ्यांनीही.

मी आमच्या तालुक्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहाचे हिशोब बघतो. कार्डावरून कोणी हजार रुपये दिले की गेटवेवाला, म्हणजे ऑनलाइन पैसे बँकेत पोचवणारी कंपनी, साधारण दोन टक्के कापतो, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. वीस रुपये अधिक तीन रुपये साठ पैसे. बँकेत येतात ९७६ रुपये ४० पैसे. देणाऱ्याने हजार दिलेत, म्हणून पावती हजाराचीच फाडायची आणि २३ रुपये ६० पैसे आपल्या खर्चात टाकायचे. एका पावतीचं काही वाटत नाही. पण पैसे येतात दोनेक दिवसांनी, पाच-सात जणांचे एकत्र, शुल्क वजा होऊन एकच रक्कम. त्यातून कोणाचे किती हे वेगळं काढायचं, मग ३१ मेच्या आत आयकर खात्याकडे १०बीडी फॉर्म भरायचा, त्यात प्रत्येकाचं नाव, पॅन, रक्कम. तेव्हा कुठे देणाऱ्याला सवलतीसाठीचं १०बीई प्रमाणपत्र मिळतं. हे काम जे प्लॅटफॉर्म नीट करून देतात, ते फुकट राबावेत असं मी कधीच म्हणणार नाही.

कोणी म्हणेल, यूपीआय आहे ना, मग कसलं शुल्क? यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्याकडून कापलं जाणारं शुल्क, १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे हे खरं. पण यंत्रणा चालवायला पैसा लागतोच. छोट्या दुकानदारांच्या दोन हजारांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांसाठी केंद्र सरकारने २०२४-२५ ला दीड हजार कोटींची प्रोत्साहन योजना केली, ती त्यासाठीच. शिवाय गेटवेवाले स्वतःच्या सेवेचे पैसे वेगळे लावू शकतात. संस्थेचा क्यूआर भिंतीवर चिकटवला की शुल्क वाचतं, मात्र पॅनसाठी देणाऱ्याच्या मागे फिरावं लागतं. नुसतं नाव दिसतं, तेही कधी अर्धवट.

म्हणून टिपची कल्पना मला मुळात पटते. संस्थेकडून काही घ्यायचं नाही, देणाऱ्यालाच विचारायचं, की आमच्या खर्चाला हातभार लावता का? कॅनडा-अमेरिकेत झेफी नावाची कंपनी आहे, ती कार्डाचं शुल्कही स्वतः भरते आणि सगळा डोलारा अशा ऐच्छिक टिपांवर चालवते. गोफंडमी या लोकवर्गणीच्या साइटने २०१७ मध्ये अमेरिकेतल्या वैयक्तिक मोहिमांवरची पाच टक्के प्लॅटफॉर्म फी काढून टाकली आणि टिप मागायला सुरुवात केली. कार्डाचे २.९ टक्के आणि ३० सेंट मात्र तिथे कापले जातातच. ज्याची ऐपत आहे त्याने चार पैसे जास्त द्यावे, ज्याची नाही त्याची देणगी तरीही पूर्ण पोचावी, हा विचार चांगलाच आहे.

बिघडतं ते पडद्यावर. मागच्या वर्षी गावातल्या एक निवृत्त बाई फोन घेऊन माझ्याकडे आल्या. दुसऱ्या एका संस्थेसाठी कोणीतरी पाठवलेली लिंक होती. म्हणाल्या, "भाऊ, मी ते हजारच दिनात, मंग अकराशे ऐंशी कसा काय गयात?" मी तेच पान पुन्हा उघडून त्यांना दाखवलं. हजाराच्या खाली एक पट्टी, तिच्यावरचा ठिपका आधीच १८ टक्क्यांवर आणून ठेवलेला. ठिपका डावीकडे ओढला तर दहाच्या खाली सरकेना. शून्य करायचं तर 'इतर रक्कम' उघडायची आणि तिथे स्वतः शून्य लिहायचं, तेही बारीक करड्या अक्षरात. बाईंचा चष्मा डोळ्यावर होता तरी त्यांना ते दिसलं नव्हतं. खर्च २३ रुपये ६० पैशांचा आणि टिप १८० रुपयांची! वर ती टिप गेली कंपनीला, संस्थेला नाही, म्हणजे ८०जीच्या पावतीतही ती नाही. बाईंना वाटत होतं अकराशे ऐंशी संस्थेलाच पोचले.

याला मी ऐच्छिक म्हणायला तयार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पडद्यावरच्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असे तेरा प्रकार सांगितलेत. ग्राहकाला न विचारता शेवटच्या बिलात वस्तू, सेवा किंवा धर्मादाय देणगी घुसवणं हा त्यातलाच एक. दुकानाच्या बिलात देणगी घुसवणं जर चूक, तर देणगीच्या बिलात कंपनीचे पैसे आधीच भरून ठेवणं, माझ्या मते, त्याच जातीचं आहे.

आपल्याकडे शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीवर हमाली, तोलाई, प्रत्येक कपातीची ओळ वेगळी असते. फळं-भाजीपाल्याची अडत २०१६ मध्ये शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली तेव्हा केवढा वाद पेटला होता. पण तो वाद घालता आला, कारण अडतीचा आकडा पट्टीवर लिहिलेला होता. देणगीच्या पानावर मला तेवढंच पाहिजे. 'या व्यवहाराचा खर्च २३ रुपये ६० पैसे. तो तुम्ही द्याल का? हो / नाही.' दोन्ही बटणं सारख्याच आकाराची. त्यावर आणखी टिप द्यायची असेल तर रिकामा चौकोन, आणि ती रक्कम कोणाला जाणार हे त्याच ओळीत.

आम्ही वसतिगृहासाठी प्लॅटफॉर्म निवडताना हेच विचारलं. एकाने सांगितलं, टिपची पट्टी बदलता येत नाही. त्यांना नमस्कार केला. आता साधा गेटवे घेतलाय, शुल्काची ओळ उघडी ठेवलीय, आणि बरेच जण स्वखुशीने 'हो' दाबतात. जे दाबत नाहीत त्यांचे २३ रुपये संस्था सोसते, आणि ते वार्षिक अहवालात बँक खर्च म्हणून छापते.

जळगाव, धुळे, नंदुरबारातल्या संस्थांच्या मंडळींना माझी विनंती आहे. आपल्या देणगीच्या पानावर स्वतः शंभर रुपये टाकून बघा, शेवटचा आकडा किती येतो तो. शंभरापेक्षा जास्त आला तर प्लॅटफॉर्मला लेखी विचारा, टिप शून्यावरून सुरू करून देता का? त्यांचं जे उत्तर येईल ते इथे टाका, म्हणजे पुढचा मार्च यायच्या आत बाकीच्यांनाही ठरवता येईल.